इंदूरहून सोलला : जागतिक युवा दिनाची तयारी कशी करावी

या यात्रेत विमानाचं तिकीट सगळ्यात शेवटी काढायचं असतं आणि बहुतेक जण तेच सगळ्यात आधी काढून बसतात. सोलचा जागतिक युवा दिन, म्हणजे कॅथलिक तरुणांचा पोपमहोदयांसोबतचा जागतिक मेळावा, मंगळवार, ३ ऑगस्ट ते रविवार, ८ ऑगस्ट २०२७ असा आहे. त्याआधीचे काही दिवस कोरियातल्या वेगवेगळ्या धर्मप्रांतांत (एकेका बिशपांच्या अखत्यारीतल्या भागांत) पाहुणचाराचे असतात. आशियात असा मेळावा याआधी एकदाच भरला, १९९५ मध्ये मनिलाला. आपल्याकडून जायचं तर क्रम असा ठेवा : पासपोर्ट, गटातून नोंदणी, व्हिसा, मग तिकीट.

पासपोर्ट अर्ज भरण्याआधी एक गोष्ट तपासा. आपल्यात बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर स्टीफन, शाळेच्या दाखल्यावर सुनील आणि आधारवर आडनावाचं तिसरंच स्पेलिंग, हे सर्रास दिसतं. नोंदणी, व्हिसा आणि तिकीट तिन्हीकडे पासपोर्टवरचंच नाव अक्षर न् अक्षर लागतं, म्हणून आधी आधार आणि दहावीची गुणपत्रिका जुळवून घ्या. प्रौढांसाठी ३६ पानी पासपोर्टचं शुल्क १,५०० रुपये आहे, तत्काळला वर २,००० लागतात. पोलीस पडताळणी भाड्याच्या घराच्या पत्त्यावर हमखास अडकते, त्यामुळे भाडेकरार हाताशी ठेवा. परतीच्या तारखेनंतर पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी.

नोंदणी एकट्यादुकट्यानं करण्यापेक्षा धर्मप्रांताच्या युवा गटातून करा. गटाला राहण्याची जागा, जेवणाची कुपनं आणि मैदानावरचा विभाग एकत्र मिळतो, शिवाय बिशपांच्या कार्यालयाचं पत्र व्हिसाच्या कागदांत कामी येतं. मात्र नोंदणीची पावती किंवा निमंत्रणपत्र म्हणजे व्हिसा नव्हे. भारतीय पासपोर्टवर कोरियाला व्हिसा लागतोच. कोरियाचा दूतावास दिल्लीत आहे आणि वाणिज्य दूतावास मुंबईत. मध्य प्रदेशचे अर्ज कुठे घेतात ते भरण्याच्या वेळी पाहून घ्या. विद्यार्थ्यांचे अर्ज पैशांच्या कागदांवर अडतात. खात्यावर आदल्या आठवड्यात एकरकमी जमा झालेले दीड लाख कुणालाही खटकतात. त्यापेक्षा आईवडिलांची सहा महिन्यांची स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र, खर्च आपण करतो असं त्यांचं पत्र आणि कॉलेजचं ना-हरकत पत्र जोडा. अठरा वर्षांखालच्यांसाठी दोन्ही पालकांचं नोटरी केलेलं संमतिपत्र आणि सोबतच्या जबाबदार मोठ्या माणसाचं नाव, हे दोन्ही हवं.

इंदूरहून सोलला थेट विमान नाही. दिल्लीमार्गे गेलेलं बरं. मुंबईमार्गे जायचं असेल तर जुलैअखेरचा पाऊस लक्षात घ्या : अवंतिका एक्सप्रेस वेळेवर निघाली तरी रुळांवर पाणी साचलं की मुंबई सेंट्रलला ती कधी पोचेल ते सांगता येत नाही. मध्ये पूर्ण एक दिवस मोकळा ठेवा. आणि परतीचं विमान रविवारी रात्रीचं मुळीच नको. समारोपाच्या मिस्सानंतर, म्हणजे सामुदायिक उपासनेनंतर, लाखो माणसं एकाच वेळी स्टेशनांकडे निघतात; सोमवार संध्याकाळ किंवा मंगळवार धरा.

आता खरी परीक्षा : शनिवारची रात्र. आठवडाभर सकाळी प्रबोधन (श्रद्धेवरचं व्याख्यान), दुपारी कार्यक्रम, गुरुवारी पोपमहोदयांचं स्वागत, शुक्रवारी क्रूसाची वाट (येशूच्या दुःखसहनाची टप्प्याटप्प्यानं प्रार्थना), असा साधारण क्रम असतो आणि तो कुणालाही झेपतो. शनिवारी मात्र सगळं सामान पाठीवर घेऊन मैदानापर्यंत चालत जायचं, तिथेच जागरण, तिथेच उघड्यावर झोप आणि रविवारी सकाळी तिथेच मिस्सा. चाल आठ-दहा किलोमीटर धरूनच तयारी करा. मे महिन्यापासून आठवड्यातून तीनदा पहाटे चाला, तीन किलोमीटरपासून सुरुवात करून दहापर्यंत न्या, शेवटच्या महिन्यात पाठीवर पाच-सहा किलोंची सॅक घेऊन. बूट नवेकोरे नकोत, दोन महिने वापरलेले हवेत. फोड येतात ते बुटापेक्षा ओल्या मोज्यांमुळे. निघताना टाचेला आणि बोटांना व्हॅसलीन चोळा, दुपारी मोजे बदला.

मैदानावर पासवर छापलेल्या विभागातच शिरा. लवकर पोचा, कारण विभाग भरला की फाटक बंद होतं आणि बाहेर पडलेल्याला परत घेतीलच असं नाही. जागा मिळाली की आधी स्वच्छतागृह आणि पाण्याचा नळ कुठे आहे ते बघा. पण त्यांच्या अगदी शेजारी पथारी टाकू नका, रात्रभर अंगावरून माणसं जातात. खाली चंदेरी अस्तराची चटई, वर पातळ स्लीपिंग बॅग एवढं पुरतं. जाड रजई नेणारे परतताना ती वाटेत टाकून देतात. छत्रीऐवजी रेनकोट घ्या, छत्री मागच्याच्या डोळ्यात जाते. बूट पिशवीत घालून उशाशी ठेवा.

हवामानाला हलकं लेखू नका. २०११ मध्ये माद्रिदला जागरणाच्या रात्री वादळ झालं, तंबू कोसळले आणि दुसऱ्या दिवशी बहुतेकांना कम्युनियन (मिस्सातला पवित्र प्रसाद) मिळालं नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कोरियातच सेमांगमला स्काउटांचा जागतिक मेळावा आधी उकाड्यानं बेजार झाला आणि मग वादळाच्या भीतीनं तळच हलवावा लागला. इंदूरचा मे सोसलेल्यांना वाटतं, ३३ अंशांत काय होतंय! पण तिथली हवा दमट, घाम वाळत नाही आणि अंग थंडच होत नाही. तहान लागण्याआधी पाणी प्या. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला. अर्ध्या बाटलीत घातलं तर क्षार जास्त होऊन तहान आणखी वाढते. कुणी बडबडायला लागलं, चक्कर आली किंवा घाम येणं थांबलं, तर सावलीत नेऊन अंग ओलं करा आणि ११९ वर फोन करा. तो तिथला रुग्णवाहिकेचा क्रमांक.

गर्दीत फोनवर विसंबू नका, लाखो लोक जमले की नेटवर्क बसतं. गटाच्या सहा-आठ जणांच्या तुकड्या पाडा, दिंडीसारख्या, आणि प्रत्येकाला कायमचा क्रमांक द्या. चौकात, फलाटावर, फाटकापाशी ‘एक, दोन, तीन’ ओरडून मोजणी होते. कोण गायब ते पाच सेकंदांत कळतं. चुकामूक झाली तर कुठे थांबायचं ते रोज सकाळी ठरवा. मुक्कामाचा पत्ता कोरियन लिपीत लिहिलेली चिठ्ठी खिशात हवी. गूगल मॅप्स तिथे पायी रस्ता नीट दाखवत नाही, ‘नेव्हर मॅप’ (Naver Map) हे कोरियन ॲप आधीच उतरवून घ्या.

खाण्यात शाकाहाऱ्यांचे हाल होतात. भाजीच्या रश्शातही मासळीचा अर्क असतो, किमचीतही बहुधा असतोच. जाड सेव, चिवडा, खाकरे, शेंगदाण्याची चिक्की बांधून न्या. मांसाचं लोणचं, ताजी फळं आणि बिया मात्र घरीच ठेवा, कस्टम्सवर अडचण होते. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध नेऊ नका. बाकी औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. आपला तीन पिनांचा प्लग तिथे बसत नाही, ॲडॅप्टर घ्या.

प्रबोधनाला मराठी गट नसतो, इंग्रजीचा घ्या. पण मराठी नवा करार सोबत असू द्या. सोलच्या मेळाव्याचं बोधवाक्य योहान १६:३३ चं आहे : ‘धीर धरा, मी जगाला जिंकले आहे.’ कन्फेशन (धर्मगुरूंपुढची पापकबुली) पहिल्या दोन दिवसांतच उरका, शुक्रवारी रांगा लांबतात. तिथे सगळेच एकमेकांना छोट्या भेटी देतात. झेंडे आणि किचेन सगळेच आणतात. त्यापेक्षा आपल्या भागात काम केलेल्या जोगीण, धन्य सिस्टर राणी मारिया, यांच्या प्रार्थनापत्रिका न्या, पन्नास तरी. २५ फेब्रुवारी १९९५ ला उदयनगरजवळ त्यांचा खून झाला, ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरातच त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं आणि त्यांच्या घरच्यांनी मारेकऱ्याला क्षमा केली. पत्रिकेमागे इंग्रजीत एवढ्या तीन ओळी छापून घ्या. श्रद्धेसाठी मारल्या गेलेल्या आपल्या १०३ हुतात्म्यांना संत मानणाऱ्या कोरियन मुलांना पुढचं समजावून सांगावं लागत नाही.