‘आमचं घराणंच अंगानं जाड’ : रंकाळ्यावर फिरणाऱ्यांनो, या चुका टाळा

कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर सकाळी हमखास कानावर पडणारं वाक्य : “काय उपयोग न्हाई भावा, आमचं घराणंच अंगानं जाड.” म्हणणारा खोटं बोलत नसतो. चूक त्यानंतर होते. एवढं बोलून तो बाकावर बसतो.

लठ्ठपणाशी जोडलं गेलेलं सर्वांत ठळक जनुक एफटीओ. 2007 मध्ये ते समोर आलं. त्याचं जोखमीचं रूप आई आणि वडील दोघांकडून आलेल्या माणसाचं वजन सरासरी तीनेक किलोंनी जास्त भरतं. तीन, तीस नव्हे. पुढे 2011 मध्ये दोन लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा दिसलं की हालचाल करणाऱ्यांमध्ये या जनुकाचा लठ्ठपणावरचा परिणाम सुमारे 27 टक्क्यांनी कमी आहे. आणि ‘हालचाल न करणारा’ कोण? बैठं काम, शिवाय आठवड्यात तासभरही धड व्यायाम नाही, असा. म्हणजे पास व्हायला फार मार्क लागत नाहीत.

दुसरी चूक फेरीनंतरची. एफटीओ मुख्यतः भुकेवर काम करतं. पोट भरल्याची जाणीव उशिरा होते. तासभर झपझप चालून सत्तर किलोचा माणूस साधारण तीनशे कॅलरी खर्च करतो. मग फरसाण, कट, वर जादा पाव. हिशेब तिथंच फिटतो, बहुतेक वेळा उलटतोच. मिसळ सोडा असं मी कोल्हापुरात राहून सांगणार नाही, पण ती चालण्याचं बक्षीस म्हणून रोज नको.

तिसरी चूक तालमीतल्या मंडळींची, आणि मला सगळ्यात जास्त खटकणारी. लाल मातीत घाम गाळणाऱ्या पैलवानाला दूध, तूप, बदामाची थंडाई पचते. लग्न होतं, दुकान लागतं, तालीम सुटते. खुराक मात्र तसाच. चार वर्षांत पोट सुटलं की दोष रक्ताला. अहो, जनुकं मैदान मारताना होती तीच आहेत. थांबला तो घाम.

सकाळी फेरी मारली, आता दिवसभर गल्ल्यावर बसायला हरकत नाही, हाही गैरसमजच. रक्तातली चरबी स्नायूंत ओढून घेणारं लायपोप्रोटीन लायपेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. स्नायू हलले की ते जोमात, तासन्‌तास बसलं की थंड. गिऱ्हाईक नसेल तेव्हा उठा, जेवणानंतर दहा मिनिटं गल्लीतून फिरून या.

सडपातळ असाल तर? फार खूश होऊ नका. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, एकच, 22.3. अंगातली चरबी मात्र सहकाऱ्याची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. म्हणून काट्यापेक्षा टेपवर विश्वास ठेवा : कंबर पुरुषांनी 90 सेंटिमीटरच्या आत, बायकांनी 80 च्या. चालायला लागल्यावर काटा हलला नाही तरी पोटातली चरबी उतरू शकते.

एका ठिकाणी मात्र घराण्याचं बोलणं मनावर घ्याच. घरात कुणाला ऐन तरुणपणी हार्ट अटॅक आला असेल आणि तुमचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल फार चढं असेल, तर ते आनुवंशिक असू शकतं. ते नुसत्या चालण्यानं आटोक्यात येत नाही, गोळ्या लागतात. फेऱ्या वाढवल्या म्हणून त्या परस्पर बंद करू नका, आणि घरातल्या पोरांचीही तपासणी करून घ्या.