शाळेतली मंत्रिमंडळाची निवडणूक: पोरांकडूनच कशी घ्यायची

जुलै आला की शालेय मंत्रिमंडळ करायचंच असतं. मग बऱ्याच ठिकाणी सर उभे राहून "हा मुख्यमंत्री, ही आरोग्यमंत्री" असं वाचून दाखवतात, फोटो ग्रुपवर पडतो आणि विषय संपतो. त्यापेक्षा दोन आठवडे काढा आणि अख्खी निवडणूक पोरांकडून घ्या. आपल्यातल्या बहुतेकांनी इलेक्शन ड्युटी केलेली असते, ते ट्रेनिंग आपण कुरकुर करतच घेतो, पण इथं जाम कामाला येतं.

पहिलं म्हणजे निवडून येणाऱ्याच्या हातात काय देणार ते आधीच जाहीर करा, आणि जे आपल्या हातात आहे तेवढंच. पोषण आहाराचा मेनू आपण ठरवत नाही, तो सोडा. पण मैदान कुठल्या वर्गाला कधी, वाचनपेटी कोण उघडणार, गॅदरिंगच्या सजावटीचे पैसे कशावर खर्चायचे, हे खुशाल द्या. पद नुसतं बिल्ल्यापुरतं असलं की पोरांना ते बरोबर कळतं आणि पुढच्या वर्षी उभं राहायला कोणी येत नाही.

उमेदवारांच्या आधी अधिकारी नेमा. खरं शिक्षण इथंच होतं असं माझं मत, कारण उमेदवार चार-पाच, पण काम करणारे पंधरा-वीस लागतात. हजेरीपटावरून मतदार यादी करायची, ती नोटीस बोर्डावर लावायची, नाव राहिलं किंवा चुकलं असेल तर दोन दिवसांत लेखी हरकत घ्यायची. मग अर्ज, सूचकाची सही, छाननी, माघार. अनामत म्हणून आम्ही घरून एक रोप आणायला सांगतो. लोकसभा-विधानसभेला एकूण वैध मतांच्या 1/6 पेक्षा जास्त मतं पडली नाहीत तर अनामत जप्त होते, तोच नियम इथं लावा, रोप शाळेच्या बागेत जमा आणि अपूर्णांकाचा तासही त्यातच उरकतो.

चिन्हं पाटी, छत्री, चेंडू अशी द्या. कमळ, पंजा, घड्याळ, मशाल, धनुष्यबाण, तुतारी यातलं काहीही देऊ नका, संध्याकाळी गावातले कार्यकर्ते गेटवर येतील, मस्करी नाही करत.

आचारसंहिता मुलांनाच लिहू दे. चॉकलेट वाटप होणारच, आमच्याकडे तर एकजण रडकुंडीला येऊन सांगत होता, "सर त्यानं माझी दोन चॉकलेटं खाल्ली आणि मत दिलं नाही." मी ओरडलो नाही, वर्गाला एवढंच विचारलं की याला कसं कळलं रे कुणी कुणाला मत दिलं? मग निघालं की मतदानाच्या वेळी हा बाकाशेजारी वाकून बघत होता. त्यावरून मत गुप्त का ठेवायचं यावर जी चर्चा झाली ती नागरिकशास्त्राच्या धड्यातून झाली नसती. म्हणून टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा तिन्ही बाजूंनी उभा करा, आणि आपण स्वतःही त्याच्या मागे फिरकू नका.

मोबाईलवर वोटिंग मशीनची ॲप मिळतात, बीप वाजतो, पोरं खूश होतात. तरी पहिल्या वर्षी कागदच वापरा, ॲप आकडा देतं पण तो आला कुठून हे दिसत नाही. शिक्का खोडरबर कोरून करा. खऱ्या मतपत्रिकेच्या शिक्क्यात फुलीच्या टोकांना बाण असतात, ते का? शाई ओली असताना कागद घडी घातला की समोरच्या उमेदवारावरही ठसा उमटतो, पण तो उलटा, म्हणून खरा कुठला ते ओळखता येतं. हे वर्गात करूनच दाखवा, आधी साध्या गोल शिक्क्याने आणि मग बाणाच्या. पहिली-दुसरीच्या लेकरांना शिक्का जमत नाही, त्यांच्यासाठी 1951-52 ची पद्धत घ्या, तेव्हा प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी असायची, चिठ्ठी आपल्या पेटीत टाकायची की झालं.

टेबलं तीन: यादीत नाव शोधणारा, डाव्या तर्जनीला मार्कर लावून सही घेणारा, मतपत्रिका देणारा. नोटा, म्हणजे "वरीलपैकी कोणीही नाही" हा पर्याय, ठेवा, 2013 पासून तो खऱ्या मशीनवरही आहे, पण लोकसभा-विधानसभेसारखंच इथंही नोटाला सगळ्यात जास्त पडली तरी उमेदवारांमध्ये पहिला असेल तोच निवडून येतो हे आधी सांगून ठेवा, नाहीतर नंतर भांडणं.

मोजणीला प्रत्येक उमेदवाराचा प्रतिनिधी समोर बसलाच पाहिजे. आधी नुसत्या मतपत्रिका मोजून सह्यांच्या आकड्याशी जुळवा, मग ढीग करा, बाद मतांचा ढीग वेगळा आणि प्रत्येक बाद मत का बाद ते मोठ्याने सांगायचं. टाय झाला तर चिठ्ठी टाका. पोरांना हे खरं वाटत नाही, पण 2017 ला मुंबई महापालिकेच्या एका वॉर्डाचा निकाल असाच चिठ्ठीवर लागलाय.

शपथविधी उरकून घ्या, भाषणं नकोत. मात्र दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मंत्र्यांनी सगळ्यांसमोर उभं राहून काय केलं ते सांगायचं आणि खालून प्रश्न घ्यायचे. पहिल्या वेळी कोणीच विचारत नाही, म्हणून हरलेल्या उमेदवारांना पुढच्या रांगेत बसवा.