गावच्या अभ्यासमंडळात अमेरिकेचा व्यक्तिवाद कसा शिकवावा

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी वाचनालयात स्पर्धा परीक्षेची मुले आणि सवड काढून येणारे काही शेतकरी यांचे अभ्यासमंडळ भरते. अमेरिकेच्या राजकीय संस्कृतीवर तेथे बैठक घेण्याचा माझा पहिला प्रयत्न फसला, कारण मी फळ्यावर उभी रेघ मारून एका बाजूला ‘व्यक्ती’ आणि दुसऱ्या बाजूला ‘परंपरा’ असे लिहिले. ‘व्यक्तिवाद’ म्हणजे आपमतलबीपणा असा अर्थ लोकांनी लावला आणि अर्ध्या तासात चर्चा भावाभावांच्या वाटणीवर गेली. तेव्हा पहिली सूचना हीच की, ती रेघ मारू नये. माणसाने स्वतःच्या बळावर उभे राहावे, ही अपेक्षाच अमेरिकेत पिढ्यानपिढ्या चालत आलेली परंपरा आहे, आणि सगळी मांडणी याच मुद्द्याभोवती करावी.

बैठक कापसाची वेचणी आटोपल्यावरच ठेवावी, नाहीतर श्रोते मिळत नाहीत. सुरुवात तत्त्वज्ञानाने न करता जमिनीपासून करावी. लिंकन यांनी १८६२ मध्ये सही केलेल्या होमस्टेड कायद्यानुसार, किरकोळ फी भरून पाच वर्षे तेथे राहणाऱ्या आणि जमीन कसणाऱ्या माणसाला १६० एकर सरकारी जमीन मिळत असे. हा आकडा फळ्यावर लिहून थांबावे. आमच्याकडे मागच्या बाकावरून एका काकांनी विचारले, “सरकारनंच वावर देल्लं, मंग तो सोताच्या हिमतीवर उभा रायला असं कसं म्हनता?” अशा प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नये, कारण विषयाचा गाभा त्यातच आहे. ती जमीन मुळात तेथील आदिवासी जमातींकडून करार करून, आणि अनेकदा बळजबरीने, घेतलेली होती. पश्चिमेकडे जाणाऱ्या रेल्वे कंपन्यांनाही सरकारनेच जमिनी दिल्या होत्या. आणि कोठाराचा लाकडी सांगाडा उभा करायला शेजारीपाजारी जमत, ते आपल्याकडच्या इर्जिकीसारखेच. तरीही लोकांच्या मनात राहिला तो एकट्याने माळरान फोडणारा शेतकरी, आणि १९२८ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या प्रचारात उमेदवार हर्बर्ट हूव्हर यांनी कणखर व्यक्तिवादाचा गौरव केला, तेव्हा त्यांना ही प्रतिमा नव्याने घडवावी लागली नाही.

टोकव्हिल यांना थोडक्यात आटोपावे. १८३१ मध्ये आलेल्या या फ्रेंच प्रवाशाने नऊ महिने फिरून ओळखले की, समतेच्या समाजात माणूस आपल्या कुटुंबापुरता आणि मित्रांपुरता उरण्याचा धोका असतो, आणि अमेरिकन लोक त्यावर मंडळे व संस्था काढून उतारा शोधतात. अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड भागातील नगरसभेचा विषय निघाला की गडचिरोलीतील मेंढा-लेखाची ग्रामसभा कोणाला तरी आठवतेच. तुलना अवश्य करू द्यावी, मात्र मेंढ्यात निर्णय सर्वसहमतीने होतात आणि तिकडे बहुमताने, हा फरक सांगावा.

सर्वाधिक वेळ जुन्या दस्तऐवजांना द्यावा. तेथे नवा हक्क मागणारा माणूसही पूर्वजांच्याच शब्दांचा आधार घेतो. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील ‘सर्व पुरुष समान’ या वाक्यात १८४८ मध्ये सेनेका फॉल्स येथे जमलेल्या स्त्रियांनी ‘आणि स्त्रिया’ एवढे शब्द घातले. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ मध्ये त्याच जाहीरनाम्याला हुंडी म्हटले आणि कृष्णवर्णीयांच्या हाती मात्र न वटलेला धनादेश आला, असे सांगितले. येथे अधिक समजावण्याची गरज पडत नाही; आमच्या एका शेतकऱ्याने तर कापसाच्या पैशांचा परत आलेला धनादेशच खिशातून काढून दाखवला, आणि त्याच्या घड्या उलगडेपर्यंत कोणी बोलले नाही.

शेवटी मुलांचे दोन गट करून बंदूक बाळगण्याच्या हक्कावर वाद घालायला लावावा. अमेरिकेच्या राज्यघटनेतील १७९१ च्या दुसऱ्या दुरुस्तीचे एकच वाक्य मराठी करून दोन्ही गटांना द्यावे. त्यात सुनियंत्रित नागरी सेनेचाही उल्लेख आहे आणि लोकांच्या हक्काचाही. एक गट पहिल्या शब्दांवर बोट ठेवतो, दुसरा नंतरच्या. दोघेही एकाच जुन्या कागदावरून भांडत आहेत, हे त्यांचे त्यांना उमगू द्यावे. शिकवणाऱ्याने ते आधी सांगू नये.