शब्द पाठ, तरी वाक्य चुकतं? या चुका टाळा

वहीत डावीकडे इंग्रजी शब्द, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडे एक मराठी अर्थ. आपण सगळ्यांनी शब्द असेच पाठ केले. माझ्या मते निम्म्या चुका त्या बरोबरच्या चिन्हापासूनच सुरू होतात.

'बॉरो' घ्या. वहीत लिहिलेलं असतं 'उसने'. मग पेन हवं असलं की तोंडातून निघतं, 'कॅन यू बॉरो मी युअर पेन?' मराठीत 'उसने' दोन्हीकडे चालतं. घेतलं की दिलं, ते पुढचं क्रियापद सांगतं. इंग्रजीत दिशा शब्दाच्या पोटातच असते. बॉरो म्हणजे उसने घेणे, लेंड म्हणजे उसने देणे. यावर माझा उपाय म्हणजे अर्थाशेजारी बाण काढायचा: बॉरोचा स्वतःकडे येणारा, लेंडचा समोरच्याकडे जाणारा. पेन मागताना 'कॅन आय बॉरो' नाहीतर 'कॅन यू लेंड मी'.

'काढणे'ची गंमत याच्या उलट. आपण चित्र काढतो, फोटो काढतो, बूट काढतो, खात्यातून पैसेही काढतो. एकच क्रियापद सगळीकडे राबतं. इंग्रजीत त्यासाठी ड्रॉ, टेक, टेक ऑफ आणि विथड्रॉ असे चार वेगळे गडी लागतात. 'काढणे म्हणजे रिमूव्ह' एवढंच पाठ असलेला 'प्लीज रिमूव्ह माय फोटो' म्हणतो, आणि समोरचा बिचारा मोबाइलमधला फोटो डिलीट करतो! म्हणून शब्द जोडीनंच लिहा: 'टेक अ फोटो', 'विथड्रॉ मनी'.

'डाउट' जरा फसवा आहे. आपली शंका कधी प्रश्न असते, कधी संशय. डाउटमध्ये मात्र खात्री नसल्याचा सूर असतो. 'आय डाउट ही विल कम' म्हणजे तो बहुतेक यायचा नाही. येईल असं वाटत असेल तर 'आय थिंक'. नुसतं काही विचारायचं असेल तर 'आय हॅव अ क्वेश्चन' पुरे.

अॅडव्हाइस, इन्फर्मेशन, फर्निचर यांना शेवटी 'स' जोडू नका. हे मात्र सरळ पाठच करा.

आणि डिक्शनरीतले सगळे अर्थ एका बैठकीत घोकू नका. 1989 च्या ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत 'सेट' या एका क्रियापदाचे 400 हून जास्त अर्थ आहेत. समोरच्या वाक्यात बसतो तेवढाच घ्या, त्याखाली चार ओळी कोऱ्या सोडा. पुढचा अर्थ वाचनात भेटला की तिथेच लिहा, वाक्यासकट.