जोडीदाराच्या हिंसेची तक्रार हाताळताना या चुका टाळा

“इतका मार खाता, मग घर का सोडत नाही?” पोलीस ठाण्यात, दवाखान्यात, बालकल्याण कार्यालयात हमखास विचारला जाणारा हा प्रश्न आधी बंद करा. मार खाणारी बाई घर सोडते तेव्हा आणि त्यानंतरचे काही महिने तिच्या जिवाला धोका सर्वाधिक असतो. ती थांबली असेल तर विचार करूनच थांबलेली असते. त्या माणसाला तिच्याइतकं कुणीच ओळखत नाही.

त्याऐवजी हे विचारा. मारहाण अलीकडे वाढली आहे का? घरात बंदूक आहे का? जिवे मारीन म्हणाला का? पाळत ठेवतो का? गळा कधी दाबला होता का? अमेरिकेतल्या परिचारिका आणि संशोधक जॅकलिन कॅम्पबेल यांनी १९८५मध्ये धोका ओळखण्यासाठी तयार केलेल्या प्रश्नावलीचा रोख हाच आहे.

गळा दाबल्याची नोंद ‘किरकोळ मारहाण’ म्हणून करणं ही माझ्या मते सर्वांत घातक चूक. बऱ्याचदा मानेवर वळ उमटतच नाहीत. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, मधली काही मिनिटं न आठवणं, नकळत लघवी होणं, या खुणा विचारून नोंदवाव्या लागतात. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाली असेल तर पक्षाघात काही दिवसांनीही येऊ शकतो, म्हणून ती “बरी आहे” म्हणाली तरी तपासणी करा. २००८च्या एका अमेरिकी अभ्यासात, पूर्वी गळा दाबला गेलेल्या पीडितांचा खून होण्याची शक्यता इतर पीडितांपेक्षा सातपटीहून जास्त आढळली.

त्याच्या हातावर चावा दिसला म्हणून ‘दोघांचं भांडण’ असं लिहू नका. गळ्याभोवतीचा हात सोडवताना माणूस चावतोच. तो शांत बोलतोय आणि ती ओरडतेय, यावरूनही काही ठरवू नका. दोघांना वेगळं बसवून बोला. दुभाषा म्हणून नवरा किंवा मूल तर कधीच नको.

समेटाची बैठक घेऊ नका. ज्याला ती घाबरते त्याच्यासमोर ती खरं कसं बोलेल? स्त्रियांवरील हिंसा रोखण्यासाठी झालेल्या युरोप परिषदेच्या २०११च्या इस्तंबूल कराराने अशा प्रकरणांत सक्तीची मध्यस्थी निषिद्ध ठरवली आहे.

तक्रार मागे घेतली म्हणजे ती खोटी होती, असं नसतं. मागे घेण्यासाठी तिच्यावर काय दबाव आला, ते शोधा. पहिल्याच दिवशी फोटो, शेजाऱ्यांचे जबाब, मदतीसाठी आलेल्या कॉलचं रेकॉर्डिंग गोळा केलंत, तर सगळा खटला तिच्या एकटीच्या साक्षीवर उभा राहत नाही.

मुलांसमोर मारहाण झाली म्हणून आईवरच दुर्लक्षाचा ठपका ठेवून मुलं काढून घेणं हा उघड अन्याय आहे. न्यूयॉर्कमध्ये २००२मध्ये संघीय न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. तरीही बायका आजही याच भीतीने मदत मागत नाहीत.

शेवटची चूक कागदावरची. न्यायालयाने तिच्यासाठी दिलेल्या संरक्षण आदेशाची प्रत त्याला मिळते आणि त्यात तिचा नवा पत्ता छापलेला असतो. प्रत पाठवण्याआधी पत्ता आणि फोन झाकला आहे का, हे दोन कर्मचाऱ्यांनी तपासावं. तिला निरोप देण्याआधी विचारा: कोणत्या नंबरवर, किती वाजता, आणि तो फोन त्याच्या हाती पडतो का?