ब्राउझरमध्ये बरोबर, क्रॉनमध्ये चूक: पीएचपीच्या सेटिंग्ज एका जागी कशा आणाव्यात

पीएचपी ही वेबसाइटसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा आणि पीएचपी डॉट आयएनआय ही तिच्या सेटिंग्जची फाइल. सेटिंग बदलायची तर ‘पीएचपी डॉट आयएनआय उघडा, ओळ बदला, सर्व्हर रीस्टार्ट करा’ असं सांगतात; हा सल्ला अर्धवट आहे. उबुंटू आणि डेबियन या लिनक्स प्रणालींवर ही फाइल एकच नसते. उबुंटू २४.०४ सोबत पीएचपी ८.३ येते. तिच्या /इटीसी/पीएचपी/८.३ या फोल्डरात सीएलआय (टर्मिनलवर चालणारी पीएचपी), अपाचे२ (वेब सर्व्हर), एफपीएम (वेबसाठी पीएचपी वेगळी चालवणारी सेवा) असं जे जे बसवलं असेल त्याचं वेगळं घर असतं आणि प्रत्येक घरात स्वतंत्र पीएचपी डॉट आयएनआय. वेबसाइट एक फाइल वाचते, टर्मिनल आणि क्रॉन (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) दुसरी.

आधी कोण काय वाचतंय ते बघा. टर्मिनलवर ‘पीएचपी’ लिहून जागा सोडा, दोन डॅश देऊन ‘आयएनआय’ लिहा. हे उत्तर फक्त टर्मिनलपुरतं असतं, वेबसाठी ते धरू नका. वेबसाठी पीएचपीइन्फोचं, म्हणजे पीएचपीच्या सगळ्या सेटिंग्ज दाखवणारं, एक पान बनवा, त्यातली ‘लोडेड कॉन्फिगरेशन फाइल’ ही ओळ वाचा आणि पान लगेच काढून टाका. दोन्हीकडची आवृत्तीही जुळवा. टर्मिनलवर ८.३ आणि वेबला ८.१ असं सर्रास सापडतं, म्हणून क्रॉनमध्ये नुसतं ‘पीएचपी’ न लिहिता आवृत्तीसकट पूर्ण पाथ द्यावा.

आता टाइमझोन. इथे मी स्वतः चार दिवस घालवलेत.

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष पॅकहाऊसचं काम होतं, ऐन हंगामातलं. रोज पहाटे चारला क्रॉननं ‘काल किती क्रेट आले’ याचा हिशोब मेल करायचा. मंगळवारी पहाटे सोमवारचा आकडा यायला हवा, तर येत होता रविवारचा. ब्राउझरमधून तोच रिपोर्ट बरोबर. दुपारी टर्मिनलवरून तोच प्रोग्रॅम हातानं चालवला, तरी बरोबर! मी क्वेरी तपासत बसलो, डेटाबेसवर संशय घेतला. कारण निघालं साधं. आधीच्या कुणीतरी सीएलआयच्या फाइलमध्ये टाइमझोन यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहून ठेवला होता आणि वेबच्या फाइलमध्ये एशिया/कोलकाता. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. मंगळवारी पहाटे चारला पीएचपीच्या लेखी सोमवारचे रात्रीचे साडेदहा वाजलेले, म्हणजे तिचं ‘काल’ रविवार. दुपारी मात्र दोन्हीकडे तारीख एकच, म्हणून हातानं चालवलेला प्रोग्रॅम दर वेळी खरा ठरायचा. सर्व्हरचं घड्याळ भारतीय वेळेवरच होतं, पण आयएनआयमध्ये टाइमझोन लिहिलेला असला की पीएचपी तोच मानते.

यावर ‘वेबची फाइल सीएलआयवर कॉपी करा’ असं सांगतात. करू नका. उबुंटूच्या सीएलआय फाइलमध्ये मेमरी लिमिट उणे एक, म्हणजे अमर्याद असते; वेबला १२८ एमबी. कॉपी केलीत की रात्रीचं मोठं काम मधेच मरेल. उलट दिशेनं केलीत तर वेबवरची एकच बिघडलेली विनंती सगळी मेमरी खाईल.

त्याऐवजी /इटीसी/पीएचपी/८.३/मॉड्स-अव्हेलेबल मध्ये स्वतःची एक छोटी आयएनआय फाइल करा. पहिल्या ओळीत अर्धविरामानंतर ‘प्रायॉरिटी=९९’ लिहा. खाली दोन्हीकडे सारखं हवं तेवढंच ठेवा: डेट डॉट टाइमझोन, एरर रिपोर्टिंग, लॉग एरर्स. मग ‘पीएचपीएनमॉड’ या कमांडला तुमच्या फाइलचं नाव ‘डॉट आयएनआय’ वगळून द्या, ती प्रत्येक घराच्या कॉन्फ डॉट डी फोल्डरात जोडली जाते. तिथल्या फाइली मुख्य आयएनआयनंतर, नावाच्या क्रमानं वाचल्या जातात आणि शेवटची ओळ जिंकते. ९९ चं कारण हेच.

मेमरी आणि अपलोडच्या मर्यादा या सामायिक फाइलमध्ये कधीच घालू नका. एखाद्या कामाला टर्मिनलवर वेगळी मर्यादा हवी असेल तर त्या कमांडपुरती ‘डॅश डी’नं द्या. अपलोड वाढवताना पोस्ट मॅक्स साइझ (पूर्ण विनंतीची मर्यादा) अपलोड मॅक्स फाइलसाइझपेक्षा (एका फाइलची मर्यादा) मोठा ठेवा.

अपाचे किंवा एफपीएम रीस्टार्ट करा. क्रॉनला त्याची गरज नाही, प्रत्येक वेळी तो नव्यानं वाचतो.

वेबवर बदल दिसलाच नाही तर एफपीएमच्या पूल फाइलमध्ये (एफपीएमच्या स्वतःच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये) ‘पीएचपी अ‍ॅडमिन व्हॅल्यू’ शोधा. तिथली ओळ आयएनआयला दाबून टाकते. यूझर डॉट आयएनआय (वेबसाइटच्या फोल्डरातली सेटिंग्जची फाइल) बदलली असेल तर पाच मिनिटं थांबा, ती ३०० सेकंद कॅशमध्ये राहते. क्रॉनची खात्री क्रॉनकडूनच करून घ्या: पहाटे चारची एक तात्पुरती नोंद टाका, पीएचपीच्या नजरेतली तारीख-वेळ फाइलमध्ये लिहायला सांगा आणि सकाळी ती उघडून बघा.