मोठ्या कॅटफिशसाठी काठी घेताना

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या रिचमंडला नवीन आलेल्या मराठी मंडळींपैकी कुणी ना कुणी दर हिवाळ्यात विचारतंच, "ताई, जेम्स नदीत म्हणे माणसाएवढे मासे आहेत. सगळ्यात दणकट रॉड कुठला ते सांगा, पैशाचं बघून घेऊ."

माणसाएवढे हे जरा वाढवून सांगितलेलं. पण जेम्समध्ये पंधरा-वीस किलोचा ब्ल्यू कॅटफिश लागणं काही नवलाचं नाही. व्हर्जिनियाच्या दक्षिण सीमेवरच्या केर तलावात २०११ साली १४३ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ ६५ किलोचा निघाला, आणि तो जागतिक विक्रम आहे. हा मासा मूळचा मिसिसिपीच्या खोऱ्यातला. १९७०च्या दशकात इथल्या नद्यांत मुद्दाम सोडला, आता आवरता आवरत नाही. हौशी माणसाचं मात्र फावलंय.

प्रश्न दणकट काठीचा. दणकट म्हणजे ताठ, असं धरून लोक दुकानात जातात आणि समुद्रावरची, झाडूच्या दांड्यासारखी न वाकणारी काठी उचलून आणतात. माशाच्या वजनावरून काठी ठरवली की असंच होतं. पाण्यात माशाला वजन जवळजवळ नसतंच. काठीवर येतो तो त्याच्या शेपटीचा जोर आणि प्रवाहाची ओढ. तो वर घ्यायचा जाळीनं, काठीनं नव्हे. काठीला खरोखर जे वजन पेलायचं आणि फेकायचं असतं ते आमिष तळाला धरून ठेवणाऱ्या शिशाचं. रिचमंडपर्यंत भरती-ओहोटी येते. पाणी धावतं असेल तेव्हा चार-पाच औंसांचं शिसं तळाला टिकत नाही, सहा-आठ औंस लागतं. त्यावर शॅड माशाचा मुठीएवढा तुकडा. हे सगळं धरून फेक मारायची, तर काठी दहा औंसांपर्यंत फेकणारी हवी. माझ्या मते निवड इथून सुरू करावी.

काठीच्या मुठीच्या वरच्या बाजूला बारीक अक्षरांत सगळं लिहिलेलं असतं. लांबी, पॉवर, ॲक्शन, किती पौंडी दोरा, किती औंस वजन. पॉवर म्हणजे वाकवायला किती जोर लागतो ते, आणि ॲक्शन म्हणजे काठी कुठून वाकते ते. फास्ट काठी फक्त टोकाशी वाकते, मॉडरेट निम्म्यापर्यंत. कॅटफिशसाठी मीडियम हेवी किंवा हेवी पॉवर आणि मॉडरेट किंवा मॉडरेट फास्ट ॲक्शन. दुकानदार पॉवरबद्दल भरभरून बोलतो, ॲक्शनबद्दल विचारल्याशिवाय बोलत नाही. तुम्ही विचारा.

ॲक्शनवर एवढा जोर का, तर सर्कल हुकमुळे. मी मालवणकडची. आमच्याकडे गरवताना तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, बोटावर धरतात आणि चावा कळला की हिसडा मारतात. इथे मोठ्या कॅटफिशसाठी सर्कल हुक ही जी गरी (गळ) वापरतात तिचं टोक आत वळलेलं असतं, ती हिसड्यानं लागत नाही, उलट तोंडातून सरळ बाहेर येते. मासा आमिष घेऊन वळतो, दोरा ताणला जातो, गरी घसरत जबड्याच्या कोपऱ्यात येते आणि तिथे स्वतःच रुतते. हे घडायला दोन-चार सेकंद लागतात आणि तेवढा वेळ माशाला काही खटकता कामा नये. काठी होल्डरमध्ये ठेवलेली असते. टोक आधी दोन-तीनदा टकटक करतं. हात लावायचा नाही. मग टोक खाली जातं, पाठोपाठ निम्मी काठी कमान होते आणि रीळ करकरायला लागतं. आता काठी उचला आणि नुसतं गुंडाळायला लागा. काठी ताठ असेल तर पहिल्या टकटकीलाच माशाला अटकाव जाणवतो आणि तो आमिष सोडून देतो. लवचीक टोक आणि भक्कम बूड असं हे गणित आहे.

म्हणून मी नवीन माणसाला कार्बनची महागडी काठी घेऊ देत नाही. कार्बन हलका आणि संवेदनशील, पण ठेच लागलेली काठी पुढे केव्हातरी भाराखाली अचानक तुटते. होडीच्या कडेला, दगडांवर, गाडीच्या डिकीत काठीला ठेचा लागणारच. फायबरग्लास जड, पण सोशिक. दोन्हींचं मिश्रण सगळ्यात सोयीचं. शेक्सपिअर कंपनीची अग्ली स्टिक १९७६पासून याच जातीची आहे, तिच्यात कॅटफिशसाठी वेगळी काठीही मिळते. किमतीला परवडते आणि पोरांच्या हातातही टिकते.

लांबी किती घ्यायची ते कुठे उभे राहणार त्यावर. होडीतून सात-साडेसात फूट पुरे. ॲन्कॅरोज लँडिंगसारख्या काठावरून दूर फेकायचं असेल तर आठ ते दहा. त्याहून लांब नको, कारण मासा लागल्यावर काठी ही उलटी तरफ असते. लांबी वाढली की फायदा माशाचा आणि कळ आपल्या मनगटाला. बूड काखेत धरता येईल एवढं लांब असू द्या. दोन तुकड्यांची काठी घेतली तर सांधा घट्ट बसतो ना, तो दुकानातच फिरवून पाहा. आणि दोऱ्याच्या प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवा. एक जरी तंतू अडकला तर ती काठी ठेवून द्या, कारण तिथेच तुमचा दोरा कापला जाणार.

घरी आणल्यावर एक तपासणी करायची. एक गॅलन दुधाचा रिकामा कॅन पाण्यानं भरा. त्याचं वजन साधारण सव्वाआठ पौंड. ३० पौंडी तंगूस असेल तर रिळाचा ड्रॅग, म्हणजे रिळातून दोरा सुटायला लागणारा जोर, दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश असावा, म्हणजे हा कॅन बरोबर त्या मापात बसतो. कॅनच्या मुठीला दोरा बांधा, काठी पंचेचाळीस अंशांत धरा आणि सावकाश उचला. कॅन जमिनीवरून सुटता सुटता रिळातून दोरा सरकायला हवा. काठीकडेही बघा: वाक टोकापासून मधल्या भागापर्यंत सलग उतरत आला पाहिजे. मध्येच कुठे कोपरा दिसला तर काठी परत करा.

पंचेचाळीस अंश हे नदीवरही पाळा. मासा काठाशी आला की उत्साहात काठी उभी करून मागे झुकवायचा मोह होतो. मग सगळा भार वरच्या तिसऱ्या हिश्शावर येतो. मोठ्या माशाच्या भरात मोडलेल्या काठ्या मी पाहिल्या आहेत, त्यातल्या बहुतेक अशाच, मासा जाळीपासून हातभर अंतरावर असताना मोडलेल्या. काठी उभी करण्याऐवजी दोन पावलं मागे सरा.

दोऱ्याच्या शेवटी ५०-६० पौंडी जाड तंगूस हातभर जोडा. कॅटफिशला कापणारे दात नसतात, पण जबड्यावर पॉलिशपेपरसारखा खरबरीत पट्टा असतो आणि तो पातळ दोरा घासून टाकतो. अंगठ्याचंही तेच होतं, म्हणून हातमोजा घाला. कोकणातल्यांना शिंगाळ्याचा काटा सांगायला नको. याच्याही पाठीवर आणि दोन्ही बाजूंच्या परांना तसेच काटे आहेत.

१६ वर्षं आणि त्यावरच्या बहुतेकांना परवाना लागतो, तो ऑनलाइन मिळतो. मर्यादांचे नियम बदलत राहतात, जाण्याआधी वाचून घ्या.

आणि हो, "कालवण केलं का?" हा पुढचा प्रश्न. जेम्समधला ३२ इंचांवरचा ब्ल्यू कॅटफिश खाऊ नका असं राज्याचा आरोग्य विभाग सांगतो, अंगात पीसीबी हे विषारी रसायन साठलेलं असतं म्हणून. लहान मासा चालतो, पण तोही महिन्याला ठरावीक वेळाच. मोठा सोडून द्यायचा तर त्याला रबरी जाळीची, रुंद तोंडाची, लांब दांड्याची जाळी हवी. पहिली काठी घेतल्यावर बहुतेक जण लगेच दुसरी घ्यायला निघतात. त्याआधी ही जाळी आणि गरी काढायला लांब नाकाची पक्कड घ्या.